रक्तातलं सुतारकाम

स्वयंपाकघराचं दार कालपासून पुन्हा लागेनासं झालं आहे. दर भाद्रपदात त्याचं हेच. आषाढात कुरकुरायला लागतं, श्रावणात अडतं आणि भाद्रपदात चौकटीत असं गच्च बसतं की खांद्यानं ढकलावं लागतं. कलकत्त्याच्या या बेहाल्यात भोवती सगळी तळी. हवा कपड्यांत शिरते, मिठात शिरते, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत शिरते, मग लाकडात का नाही शिरणार?

"अहो, घरात रंधा आहे, पटाशा आहेत, व्हरांडाभर भुसा आहे," कुसुम म्हणते. "आणि माझंच दार तेवढं तासून मिळत नाही. लोकांना काय सांगू?"

"पावसात फुगलेलं दार पावसात तासायचं नसतं," मी म्हणतो. "आत्ता तासलं तर थंडीत ते आकसेल आणि बोट जाईल एवढी फट पडेल."

"मग थंडीत तासा."

"थंडीत ते अडतच नाही."

कुसुम हसते. मीही हसतो. पण दाराबरोबर माझ्या आत आणखी काहीतरी फुगायला लागलेलं असतं, आणि त्याला मी हसू शकत नाही. रस्त्यापलीकडच्या लेथच्या कारखान्यात विश्वकर्म्याच्या पूजेसाठी बांबू आले आहेत. गच्च्यांवर पतंगांच्या मांज्याला काचेचा लेप चढतो आहे. म्हणजे तेच दिवस परत आले. दार थंडीत आकसतं. माझा राग कुठल्याच ऋतूत आकसत नाही.

मी बार्शीचा. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, गावात सुतारकाम करायचे. बैलगाड्यांची चाकं, तिफणी, दारांच्या चौकटी आणि लग्नमुंजीचे पाट. आमच्या घराण्यात शाळेत गेलेला मी पहिला आणि पदवी घेतलेलाही पहिला. हे माझ्या एकट्याच्या कर्तबगारीनं झालं असं मी कधी म्हटलेलं नाही. हेडमास्तरांनी मला स्वतःच्या घरी कंदिलाशी बसवून इंग्रजी शिकवलं, त्यांच्या पत्नीनं त्याच कंदिलाशी मला जेवायला वाढलं. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा मास्तरच आमच्या दारात येऊन रडले. त्या दोघांची आठवण झाली की माझे हात आजही आपोआप जुळतात. कृतज्ञता मला कुणी शिकवायला नको. पण कृतज्ञ माणसाला राग येऊ नये अशी लोकांची जी समजूत असते, तिचा मला भयंकर राग आहे.

आबांच्या हत्यारांना हात लावायची मला बंदी होती. एकदा मी पटाशी उचलली तर पाठीत असा धपाटा बसला की श्वास अडकला. "ठेव खाली," ते म्हणाले. "तुझं हात मऊच ऱ्हाऊ देत. मऊ हातालाच लेखणी पेलती." मग मी ओट्यावर बसून पाढे म्हणायचो आणि समोर त्यांचा रंधा चालायचा. सागावर चालताना त्याचा आवाज लांबलचक, रेशमी. बाभळीवर खरखरीत. मध्येच गाठ आली की तुटायचा. मला बघायची मनाई होती, ऐकायची नव्हती. त्या आवाजातच मी झोपायचो.

नोकरीनं मला कलकत्त्याला आणलं. सरकारी हिशेब कचेरीतलं काम. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या बेरजा तपासायच्या, त्या बरोबर निघाल्या की खूण करायची आणि कागद पुढे सरकवायचा. संध्याकाळी ट्रामनं बेहाल्याला यायचं. आपल्या हातून दिवसभरात काहीच घडलं नाही, ही भावना त्या ट्राममध्ये माझ्या शेजारी बसायची. एका रविवारी खिदिरपूरच्या बाजूला फिरताना बंदरातून आलेली मोडकी खोकी दिसली. फळ्या चांगल्या होत्या. एक करवत घेतली, एक रंधा घेतला, आणि मागच्या व्हरांड्यात एक पुस्तकांचं फडताळ करायला बसलो. घरमालक दत्तबाबू वरून डोकावून म्हणाले, "की होच्छे, मोशाई? बी.ए. पास करके मिस्त्री बनेगा?" पण ते चांगल्या मनाचे. दुसऱ्या दिवशी त्यांनीच जुनं टेबल कामाचा बाक म्हणून खाली पाठवलं.

ते पहिलं फडताळ एका बाजूला कललेलं होतं. दुसऱ्यात खाचेत बसायची कूस सैल झाली म्हणून मी सांध्यात सरस ओतला. सरसाच्या वासानं कुसुमला मळमळलं आणि तरीही फडताळ डुगडुगतच राहिलं. एका थंडीत मी मोठ्या हौसेनं टेबलाचा खण बसवला, इतका घट्ट की कागद सरकू नये. चार माणसांना बोलावून दाखवला. आषाढात तो असा रुतला की आतली कुसुमला मंगळागौरीला लागणारी कात्री दिवाळीनंतर बाहेर आली. तेव्हा मला कळलं की आपण बार्शीच्या हवेचा हिशेब इथं धरून चाललो होतो. बार्शीत लाकूड कोरडं पडून चिरतं, इथं ते पाणी पिऊन रुंदावतं. लांबीत नाही, रुंदीत. म्हणून थंडीत काम केलं तर फट ठेवावी लागते, जवळजवळ नखाएवढी. पटाशांना गंज चढायचा म्हणून मी त्या मोहरीच्या तेलाच्या फडक्यात गुंडाळायला लागलो. ढलप्यांनी कुसुम कोळशाची शेगडी पेटवायची. हातांना घट्टे पडले. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. आबांनी जपलेले मऊ हात मी असे वाया घालवले, असंही वाटायचं.

आमच्या कचेरीतले वरिष्ठ सबनीस साहेब हेही हौशी सुतार. मराठी मंडळाचे ते आधारस्तंभ, आणि बेहाल्यातली ही जागा मला त्यांच्याच शब्दावर मिळाली होती. त्यांच्याकडे विलायती हत्यारांची मखमलीच्या अस्तराची पेटी होती. त्यांनी केलेला पानाचा डबा बैठकीत फिरायचा आणि लोक म्हणायचे, "साहेब, काय कला आहे हो तुमच्या हातात!" तो डबा खरोखर सुरेख होता, मी नाही म्हणणार नाही. एका रविवारी ते माझ्याकडे आले, व्हरांडा पाहिला, आणि विचारलं, "हे कुठं शिकलात?"

"इथंच," मी म्हणालो. "चुकत चुकत."

"वडील काय करतात?"

मी सांगितलं. लपवायचं कारण नव्हतं, आणि त्यांचा चेहरा उजळला तो पाहून मला बरंच वाटलं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तरीच! रक्तातच आहे तुमच्या."

त्या दिवसापासून माझं फडताळ, माझा खण, माझे घट्टे, सगळं माझ्या हातून गेलं. मंडळात ओळख करून देताना ते म्हणायचे, "आमचे वसंतराव. बी.ए. आहेत, पण सुतारकाम रक्तात आहे." लोक कौतुकानं बघायचे. हे कौतुकच होतं, हेच तर त्यातलं विष. साहेबांच्या हातात रंधा आला तर ती कला, माझ्या हातात आला तर ती जात. साहेब शिकले, मी नुसता जन्मलो. कललेलं फडताळ रक्तात होतं का? रुतलेला खण रक्तात होता का? आणि ज्या माणसानं आयुष्यभर मला त्या हत्यारांपासून दूर ठेवलं, धपाटे घातले, स्वतः अर्धपोटी राहून माझ्या हाती लेखणी दिली, त्याचा तो सगळा आटापिटा एका शब्दात पुसून टाकायचा हक्क यांना कुणी दिला?

पण उपकाराच्या ओझ्याखालून राग पटकन वर येत नाही.

त्या वर्षी माघात साहेबांनी मंडळाच्या गणपतीसाठी मखर करायला घेतलं. निमतल्याच्या वखारीतून निवडून आणलेला बर्मा साग, दोन नक्षीदार दारं. नैवेद्य दाखवला की दारं लावायची, देवाला निवांत जेवू द्यायचं, आणि मग उघडून आरती. मला दाखवायला त्यांनी घरी बोलावलं. दोन दारांमध्ये केस जाणार नाही अशी बसणी होती.

"साहेब, थोडी फट ठेवा," मी म्हणालो. "भाद्रपदात अडेल."

ते हसले. "वडिलांनी पत्रातून सांगितलं वाटतं?"

"नाही साहेब. माझा खण अडला होता."

"वसंतराव, हा बर्मा साग आहे. खोक्याच्या फळ्या नव्हेत."

मी चहा संपवून घरी आलो.

त्याच पावसाळ्यात आबा कलकत्त्याला आले. आयुष्यात पहिल्यांदाच एवढ्या लांब. आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती. बार्शीत मोठ्या घरच्या मुंजी लागल्या की पाट आबा करून द्यायचे. एकेका घरी ओळीनं मांडले जातील एवढे पाट. कार्याच्या दिवशी त्या पाटांवर पंगत बसायची आणि आबांचं पान मागच्या अंगणात, जमिनीवर, सगळी पंगत उठल्यावर. मी लहानपणी त्यांच्याबरोबर तिथं बसलेलो आहे. आतून पाट सरकल्याचे आवाज यायचे आणि आबा मान वर करून ऐकायचे, आपला कुठला पाट डुगडुगतो का म्हणून. मला त्यांना एकदा, फक्त एकदा, भरल्या पंगतीत पाटावर बसलेलं बघायचं होतं. हातात हत्यार नसलेला, कुणाच्या कामासाठी न आलेला पाहुणा म्हणून. पदवीधर मुलाचा बाप म्हणून.

तो पाट मी स्वतः करायचं ठरवलं होतं. शिवणीची फळी, जिला इथं गामार म्हणतात. पहिल्या पाटाच्या खालच्या पट्ट्या मी खिळ्यांनी गच्च ठोकल्या. फळीला रुंदावायला वावच राहिला नाही. एका दमट दुपारी खाडकन आवाज झाला आणि ती मधोमध फाटली. पुढचा होडीसारखा वाकला. मग मी पट्ट्या खाचेत सरकत्या ठेवल्या, सरस न लावता, आणि तो पाट सरळ राहिला. आबा यायच्या आधी तो मी फडक्यात गुंडाळून ठेवला होता. आणि मंडळाच्या गणपतीच्या पंगतीला नेऊन आबांसाठी मांडला.

पाट बघून आबा घुटमळले. "ह्यो कुनाचा?"

"तुमचाच. बसा."

"सगळ्यांम्होरं?"

"सगळ्यांपुढंच, आबा."

ते बसले. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हात मांडीवर, जणू फोटो काढून घ्यायला बसलेत. शेजारी बँकेतले एक गृहस्थ होते. त्यांनी प्रवासाची चौकशी केली. वरणभातावर तूप पडलं. आबांनी चित्राहुती घातली, पहिला घास घेतला, आणि माझ्याकडे बघून किंचित हसले. मी वाढायला उभा होतो. पुढच्या पानाकडे वळायचं विसरलो.

तेवढ्यात फोर्ट विल्यममधले मराठी जवान आले. त्यांना थोड्याच वेळाची रजा असायची. दर्शन आणि आरती करून परत जायचं होतं. त्यांच्यासाठीच आरती थांबवून पंगत आधी बसवली होती, आणि नैवेद्यासाठी मखराची दारं लावलेलीच होती. सबनीस साहेब उघडायला गेले. दारं हलली नाहीत. सकाळभर पाऊस पडलेला, दिवाणखान्यात माणसांच्या श्वासांची वाफ. बर्मा सागानं आपलं काम चोख केलं होतं. साहेबांनी एका हातानं ओढलं, मग दोन्ही हातांनी. मुलं फिदीफिदी हसायला लागली. "बाप्पाला कोंडलं," एक मुलगी म्हणाली.

आणि साहेब वळले आणि भरल्या पंगतीवरून मोठ्यानं म्हणाले, "अहो वसंतराव, वडिलांना उठवा जरा. घरचाच सुतार असताना आपण कशाला झटापट करायची?"

लोक हसले. वाईट नाही हसले, घरगुती हसले. आणि मी पाहिलं की आबांचा हात पानावरून मागे आला आणि ते उठायला लागले. त्यांना अपमान झाला असं वाटलंच नाही. हाक आली की उठायचं, एवढंच त्यांना आयुष्यानं शिकवलं होतं. त्यांच्या गुडघ्यांच्या त्या हालचालीनं माझ्या डोक्यात जे पेटलं ते अजून विझलेलं नाही.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा, आबा."

"आरं, द्येव अडकलाय न्हवं."

"असू दे. तुम्ही जेवा." मग मी साहेबांकडे वळलो. "आबा जेवायला बसलेत, साहेब. दारं तुम्ही केलीत. हत्यारंही तुमच्याकडे आहेत."

 वाढणाऱ्या बायका पळी हातात धरून थांबल्या. साहेबांचा चेहरा खरोखर दुखावलेला दिसला, आणि ते दुखावणंही मला चीड आणणारं होतं.

"अहो, रागावता काय? मी त्यांच्या कलेचा मान करतोय."

"माझी फटीची सूचना तुम्ही हसण्यावारी नेलीत, तेव्हा कुठं गेला होता मान?"

"वसंतराव!" कुणीतरी दटावलं. "कुणाशी बोलताय?"

कुणाशी बोलतोय हे मला माहीत होतं. ज्यांच्या शब्दावर मला घर मिळालं त्यांच्याशी. पण त्या क्षणी मला घर नको होतं, नोकरी नको होती. आबांनी पानावरचा भात संपवावा, एवढंच हवं होतं.

साहेबांनी शेवटी बिजागऱ्या काढल्या आणि ओढताना एक दार नक्षीतून चिरलं. ते भिंतीला टेकवून आरती झाली. जवानांनी टाळ्या वाजवून आरती म्हटली, आणि त्यांचा बिचाऱ्यांचा तरी आवाज खणखणीत होता. आबांनी भात मात्र संपवला नाही. ट्रामनं परत येताना ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझ्या रागापायी द्येवाचं पान तसंच ठिवलं मी."

"त्यांनी तुम्हाला पानावरून उठवलं, आबा."

"उटलो असतो तर काय झिजलो असतो?"

मला त्यांचाही राग आला. तो कुठं ठेवायचा हे मात्र कळेना.

विश्वकर्म्याच्या पूजेच्या दिवशी सगळ्या बेहाल्यावर पतंग उडत होते. समोरच्या कारखान्यात लेथला झेंडूची माळ घातली होती. हातात हातोडी घेतलेला, हत्तीवर बसलेला देव पाहून आबा रस्ता ओलांडून कधी गेले मला कळलंच नाही. कामगारांना त्यांची भाषा येत नव्हती आणि यांना त्यांची. पण त्यांनी आबांचे हात पाहिले, "मिस्त्री?" म्हणून विचारलं, आबांनी मान हलवली, आणि लगेच खुर्ची आली, द्रोणात प्रसाद आला. आबा खुर्चीवर ऐसपैस बसून वर पतंग बघत राहिले. पंगतीत मला त्यांचं जे रूप बघायचं होतं, ते इथं होतं, आणि त्याचं श्रेय माझ्या पदवीला नव्हतं.

त्याच संध्याकाळी सबनीस साहेब रिक्षातून आले. बरोबर ते चिरलेलं दार. मागचं सगळं विसरलो असं दाखवत ते म्हणाले, "म्हटलं आबा आहेत तोवर त्यांच्या हातून जोडून घ्यावं. आमच्या हौशी हातांचं काम नव्हे हे."

"आज हत्याराला हात लावत न्हाईत, सायेब," आबा म्हणाले. "आज त्यांची पूजा असती."

साहेबांनी दार भिंतीला टेकवलं. तेवढ्यात त्यांना कोपऱ्यातला पाट दिसला. उचलून त्यांनी उलटा केला, खाचेतल्या पट्ट्या पाहिल्या आणि मनापासून म्हणाले, "वा! हे बघा. अखेर रक्त बोलतंच."

मी तोंड उघडणार तोच आबा उभे राहिले.

"रगत न्हाई, सायेब," ते म्हणाले. "म्या ह्याला हत्याराला शिवू दिलं न्हाई. हात लावला तर मारलंय. ह्यो पाट त्यानं त्याच्या बुद्धीनं क्येलाय. माझं काय बी न्हाई त्यात."

साहेब गोंधळले, हसले, चहा पिऊन गेले.

माझा राग तिथं शमायला हवा होता. मला हवं होतं तेच तर आबा बोलले होते. पण मला माझं श्रेय मिळवून देण्यासाठी त्या माणसाला स्वतःचं सगळं नाकारावं लागलं. खरं तर त्यांचं त्यात पुष्कळ होतं. रक्त नव्हतं, पण आवाज होता. रंधा बरोबर चालतो आहे की नाही हे मला आजही कानांनी कळतं, डोळ्यांनी नाही. ओट्यावर पाढे म्हणताना ऐकलेल्या त्या लांबलचक रेशमी आवाजाशी जुळला की समजायचं, बरोबर. हे मी त्या दिवशी आबांना सांगणार होतो. पाट दाखवून, शेजारी बसून, माझ्या तोंडानं. ते सांगायची जागाच साहेबांनी खाऊन टाकली. आता सांगितलं असतं तर ते साहेबांचंच वाक्य झालं असतं.

तरी अंधार पडायच्या आधी मी विचारलं, "आबा, पाट कसा झालाय?"

त्यांनी पाट मांडीवर घेतला. अंगठा कडेवरून सावकाश फिरवला, एका जागी थांबले, परत मागे नेला. मग पाट खाली ठेवून म्हणाले, "मला काय ठावं? मी शिकिवलंय व्हय तुला?" आणि हसले. डोळे पतंगांकडे होते.

ते पुन्हा कधी कलकत्त्याला आले नाहीत. जाताना पाट मात्र बरोबर नेला, फडक्यात गुंडाळून, गाडीत मांडीवर धरून. सबनीस साहेबांची पुढे बदली झाली. त्यांचं दार अजून आमच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभं आहे. साग उत्तम आहे, जोडायचं म्हटलं तर अवघड नाही. थंडीत त्याची भेग उघडते, भाद्रपदात मिटते, आणि मग बघणाऱ्याला वाटतं, याला काही झालेलंच नाही.

आज ते तसंच मिटलेलं दिसतं आहे. मी जवळ जाऊन भेगेवरून अंगठा फिरवला. लागते. अजून लागते.